सांधा दिसलाच पाहिजे

हाताने रेखाटलेली पात्रे आणि हाडामांसाचे नट ज्या चित्रपटांत एकत्र वावरतात, त्यांची तारीफ करण्याची एक ठरावीक रीत आहे: ‘कुठे जोडले आहे ते कळतसुद्धा नाही!’ साहित्याच्या वर्गांत चित्रपटास्वाद शिकवणारी मंडळीही हेच वाक्य वापरतात. त्याला आमचा विरोध आहे. ते खोटे आहे; आणि खरे असते, तर हे चित्रपट पाहण्याजोगे उरले नसते.

काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांना तरी हे वेगळे सांगावे लागू नये. रूपकात उपमेयावर उपमानाचा आरोप होतो. दोन्ही भिन्न आहेत याचे भान कवीला असते आणि रसिकालाही. भ्रांतिमानात ते भान सुटते. भुंगा पोपटाच्या चोचीला पळसाची कळी समजून झेपावतो. हे चित्रपट रूपकाच्या जातीचे आहेत आणि त्यांना प्रशस्तिपत्र मिळते ते मात्र भ्रांतिमानाचे.

‘अँकर्स अवे’ (1945) मध्ये जीन केली जेरी उंदराबरोबर नाचतो. हा उंदीर राजा आहे आणि स्वतःला नाचगाणे येत नाही म्हणून त्याने राज्यात संगीतावर बंदी घातली आहे. म्हणजे एक चित्र माणसाला सांगते की मला नाचता येत नाही, आणि माणूस त्याला शिकवतो! ही गंमत कळायला उंदीर रेघांचा आहे हे प्रत्येक क्षणी ठाऊक असावे लागते. गुळगुळीत फरशीवर जेरीचे प्रतिबिंबही काढलेले आहे. ‘मग हा भ्रमच झाला की,’ असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. प्रतिबिंबाने उंदीर खरा होत नाही, नाच खरा होतो. आरोप दृढ व्हावा म्हणून कवी तपशील भरतो, तसेच हे.

‘मेरी पॉपिन्स’ (1964) च्या वेळी मूळ लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांना चित्रपटात अ‍ॅनिमेशन नको होते, आणि मूळ संहितेचे कैवारी लगेच त्यांच्या बाजूने उभे राहतात. पण 1934 च्या त्यांच्या पुस्तकातच मेरी पॉपिन्स फरसबंदीवर काढलेल्या चित्रात शिरते. पडद्यावर ती खडूच्या रेघा ओलांडते आणि शेवटी पाऊस ते चित्र धुऊन नेतो. सांधा इथे कथेतच आहे. तंत्रही पाहण्याजोगे होते: नटांच्या मागचा पडदा सोडियमच्या पिवळ्या दिव्यांनी उजळायचा आणि कॅमेऱ्यातील लोलकाने तेवढा प्रकाश वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर घ्यायचा. त्यामुळे मेरीच्या टोपीची तलम जाळीसुद्धा रेखाटलेल्या पार्श्वभूमीवर शाबूत राहते. ही नजाकत माणसाच्या कडा जपण्यासाठी होती, पुसण्यासाठी नव्हे.

उलट 2019 चा ‘द लायन किंग’ घ्या. जवळजवळ सगळाच संगणकावर घडलेला, तरी लोक त्याला जिवंत चित्रण म्हणतात. तिथे भुंगा खरोखरच फसला आहे. सिंह गातो तेव्हा ज्यांना अवघडल्यासारखे होते, त्यांनी दोष आपल्या रसिकतेला देऊ नये.

आणि ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (1988). रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शक, रेखाटनाची सूत्रे रिचर्ड विल्यम्स यांच्याकडे. बॉब हॉस्किन्सचा गुप्तहेर डोके आपटून टांगता दिवा हलवतो आणि दिवा हेलकावत असताना सशावरची छाया चौकटीगणिक बदलते. हे काम संगणकाने केलेले नाही. (सशाला आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर चित्रीकरणस्थळी कॅमेऱ्याबाहेर सशाचा पोशाख घालून उभा राही, ही हौस आम्हांला पुष्कळ पटते.) समीक्षक या दिव्यापाशीच थांबतात. पण त्याच प्रसंगात दोघे एका बेडीत अडकलेले आहेत. हॉस्किन्स करवतीने ती कापत असताना ससा सहज हात बाहेर काढतो, खोके हलू नये म्हणून धरून ठेवतो. एवढा वेळ हात काढता येत होता का, असे संतापून विचारल्यावर तो म्हणतो, नाही, हसू येणार असेल तेव्हाच. माणसाला लोखंडाचा नियम लागू, चित्राला विनोदाचा. आणि बेडी मात्र एकच. सांधा दिसला नसता, तर या उत्तरावर हसायचे तरी कशाला?