‘स्वतःच्या शब्दांत’ : प्राथमिक अध्यापनातील एक उपेक्षित प्रश्न

प्राथमिक वर्गात ‘स्वतःच्या शब्दांत सांगा’ ही सूचना जितक्या सहजपणे दिली जाते, तितक्या गांभीर्याने ती शिकविली जात नाही. वाचलेला आशय अर्थाला बाध न आणता पुन्हा मांडणे हे एक कौशल्य आहे, याचे भान अध्यापनात क्वचितच आढळते. परिणामी वहीत एक तर पाठातील वाक्ये जशीच्या तशी उतरतात किंवा मार्गदर्शकातील तयार भावार्थ उतरतो.

मराठी वाङ्मयाला अर्थकथन नवे नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीचे नाव ‘भावार्थदीपिका’. गीतेच्या ७०० श्लोकांचा आशय तीत सुमारे ९००० ओव्यांतून उलगडतो. वामन पंडितांनी त्याच ग्रंथावरील आपल्या टीकेस ‘यथार्थदीपिका’ म्हटले. टीका आणि शालेय भावार्थ एकच नव्हेत, हे खरे. तथापि आशय श्रोत्याच्या भाषेत आणणे आणि मुळाशी प्रामाणिक राहणे ही दोन बंधने दोहोंनाही समान आहेत.

ही बंधने वर्गात कशी पाळली जातात, हे एका साध्या वाक्यावरून पाहता येईल. ‘पावसाने ओढ दिल्याने बळीराजा चिंतातुर झाला’ या वाक्याचा मार्गदर्शकी भावार्थ ‘पावसाने दडी मारल्यामुळे शेतकरी चिंताग्रस्त झाला’ असा होईल. येथे शब्द बदलले. अर्थ कळला की नाही, हे मात्र अज्ञातच राहिले. वऱ्हाडातील एखादे मूल म्हणेल, ‘पाणी नाही आलं, म्हून बाप घोर करून रायला.’ या उत्तरात कार्यकारणभाव आहे, भावना आहे. एक उणीवही आहे : ‘बळीराजा’ हा सर्व शेतकऱ्यांचा वाचक शब्द एका बापापुरता संकुचित झाला आहे. ‘घोर फक्त तुझ्याच बापाला का?’ असे विचारणे हेच खरे अध्यापन होय. प्रत्यक्षात दुरुस्ती होते ती ‘म्हून’ आणि ‘रायला’ या रूपांची.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. शाळा मुलाकडे त्याचे शब्द मागते आणि ते दिले की नाकारते. अशा वेळी छापील वाक्य हेच सुरक्षित उत्तर, असा धडा मूल घेते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेच्या माध्यमाचा पुरस्कार केला आहे. परंतु मराठी माध्यमाच्या शाळेतही घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर असते, हे विसरून चालणार नाही.

प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो रास्त आहे; प्रश्न केवळ क्रमाचा आहे. प्रथम उतारा वाचावा, पुस्तक मिटावे आणि मुलाने तो शेजाऱ्याला घरच्या बोलीत सांगावा. नंतर पुस्तक उघडून काय सुटले, काय पदरचे आले, हे मुलांनीच ताडून पाहावे. लेखन आणि प्रमाण रूपांचा विचार त्यानंतर यावा. तिसरी-चौथीच्या वर्गात चार-पाच वाक्यांचा उतारा यासाठी पुरेसा आहे. गुण देताना आशय आणि भाषारूप यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा.

हा विषय केवळ प्राथमिक शिक्षकांचा आहे, असे मानून विद्यापीठीय अध्यापकांना अलिप्त राहता येणार नाही. वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये लागू केले. तेव्हापासून प्रबंधांतील साम्याची टक्केवारी मोजली जाते. ती कमी करण्यासाठी पर्यायी शब्द शोधणारा संशोधक आणि मार्गदर्शकातील भावार्थ उतरविणारे मूल यांच्यात तत्त्वतः फरक नाही. दोघांनीही शब्द बदलले आहेत, अर्थ आत्मसात केलेला नाही. विनियमांनी चौर्य पकडता येईल. परंतु दुसऱ्याचा विचार समजून घेऊन आपल्या भाषेत मांडण्याची सवय त्यांनी लागणार नाही. ती लावावयाची, तर मुलाच्या पहिल्या, ओबडधोबड वाक्यापासूनच आरंभ करावा लागेल.