धनुष्कोडीला बसनेच का जावे (थ्रेड)

रामेश्वरच्या सहलीचा बेत आखणाऱ्यांच्या यादीत अलीकडे धनुष्कोडी हमखास असते आणि तिच्यामागे ‘भुताचे गाव’ हे विशेषणही. भाड्याची गाडी ठरवायची, पडक्या चर्चसमोर छायाचित्रे काढायची आणि परतायचे. हे विशेषण ज्यांनी दिले, त्यांना तिथे आजही राहणारी कोळ्यांची घरे दिसली नसावीत.

मराठी मुलखाला हे ठिकाण नवे नाही. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला नेऊन गंगेत सोडायची, ही यात्रेची जुनी रीत. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजले ते रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. सेतूची ही वाळू म्हणजे धनुष्कोडीची.

१९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि हे टोक एका मोठ्या मार्गावरचे ठाणे बनले. मद्रासला एकच तिकीट काढावे, ‘बोट मेल’ने धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत यावे, तिथून आगबोटीने तलैमन्नारला उतरावे आणि पुढच्या गाडीने कोलंबो गाठावे. स्थानक, टपाल कचेरी, जकात कचेरी, शाळा, चर्च हे सारे ह्या वाहतुकीच्या आधाराने वाढले.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे असताना चक्रीवादळाने उसळलेल्या लाटांनी ती गिळली. गाडीतले शंभराहून अधिक लोक गेले. गाव उद्ध्वस्त झाले आणि पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डरही समुद्रात पडले.

ह्यानंतरचे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पूल दुरुस्त करायला सहा महिन्यांची मुदत ठरली होती, ई. श्रीधरन ह्या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत उभा राहिला. (पुढे कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच.) रामेश्वरची गाडी सुरू झाली, कालांतराने आगबोटही रामेश्वरहून सुटू लागली. धनुष्कोडीचे रूळ मात्र पुन्हा टाकले गेले नाहीत. सरकारने गाव वस्तीस अयोग्य ठरवले.

दोन्ही बाजूंना समुद्र असलेल्या वाळूच्या पट्टीवर पुन्हा रूळ न टाकण्यात शहाणपण होते, हे मान्य करायला हवे. पण रुळांऐवजी काय, ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, ह्याचे समर्थन कसे करावे? मुकुंदरायर चत्रमपुढे सडकच नव्हती. पुढचे अंतर वाळू तुडवत किंवा मिळेल त्या जीपने कापायचे. पर्यटकाला ती एका दुपारची गंमत वाटे. मासळीची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला तो रोजचा रस्ता होता. वादळाने गाव एका रात्रीत मोडले, वाहतुकीच्या अभावाने ते मोडलेलेच राहिले.

अरिचलमुनैपर्यंतची सडक २०१७ मध्ये खुली झाली आणि आता रामेश्वरहून सरकारी बस धावते. अंतर विसेक किलोमीटर. २०१९ मध्ये रेल्वेच्या पुनर्बांधणीची कोनशिलाही बसवली गेली, काम मात्र उभे राहिले नाही. पर्यटकांसाठी रूळ टाकण्यापेक्षा तोच पैसा अधिक बसफेऱ्यांवर आणि वादळात आसरा देणाऱ्या पक्क्या इमारतींवर खर्चणे अधिक न्याय्य ठरेल.

बेत आखणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ, जानेवारी–फेब्रुवारी बरे. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने किंवा मदुराईमार्गे रामेश्वर गाठता येते. जुना पूल थकल्याने डिसेंबर २०२२ पासून गाड्या अलीकडेच थांबत आणि प्रवाशांना सडकेच्या पुलावरून बसने बेटावर यावे लागे. ६ एप्रिल २०२५ ला नवा पूल खुला झाल्यापासून तो त्रास संपला. संध्याकाळी धनुष्कोडीतून परत फिरावे लागते, म्हणून सकाळचीच बस धरावी.

बसमध्ये जागा मिळेलच असे नाही. पण शेजारी जाळी, पाण्याचे कॅन, शाळेची दप्तरे असू शकतात. पडक्या स्थानकापाशी उतरावे, तळलेली मासळी किंवा शंखशिंपल्यांची माळ तिथल्याच टपरीवरून घ्यावी. वाळूत खणलेल्या उथळ विहिरींचे पाणी गोडे कसे, हे तिथल्याच कुणाला विचारावे. भाषेची अडचण हातवाऱ्यांनी भागते. परतीच्या बसची वेळ तेवढी उतरतानाच वाहकाकडून पक्की करून घ्यावी.