बकध्यान

मागच्या मे महिन्यात आमच्या वसमतमध्ये माझ्या नातवाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली आणि त्याचे पैसे मीच मोजले. शिबिर एकाग्रतेचं होतं. फलकावर पद्मासनातला ऋषी, डोक्यामागे प्रभावळ आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: धारणा, ध्यान, समाधी, फक्त दोन दिवसांत. पट्टी बांधलेली लेकरं पत्त्यांचे रंग ओळखत होती, पुस्तकातल्या ओळी वाचत होती आणि जमलेले आईबाप टाळ्या पिटत होते. मीही पिटल्या. उभी हयात शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस मी! रात्री पोरगं माझ्या पांघरुणात शिरलं आणि हळूच म्हणालं, "आबा, नाकापाशी फट ऱ्हाती. तिथून दिसतंय की. सर म्हणले, कुणाला सांगू नका."

दोन दिवसांत त्या लेकराला एक गोष्ट मात्र पक्की शिकवली गेली. खोटं बोलताना चेहरा शांत कसा ठेवायचा.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, बकध्यान. तळ्याकाठचा बगळा एका पायावर उभा असतो. मान हलत नाही, पापणी हलत नाही, नजर एका बिंदूवर. शिबिरवाल्यांच्या मापाने मोजलं तर मराठवाड्यात त्याच्याइतका मोठा योगी सापडणार नाही. अडचण एवढीच की त्या बिंदूवर मासोळी असते.

बगळा आणि योगी यांच्यातला फरक मी माझ्या पदरचा सांगत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांवरचं सर्वांत जुनं भाष्य व्यासांच्या नावावर आहे, आणि त्याच्या अगदी सुरुवातीलाच ही गाठ सोडवलेली आहे. चित्ताच्या पाच भूमी: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. समाधी हा चित्ताचा धर्मच आहे, ती पाचही भूमींत लागू शकते, असं भाष्यकार मोकळेपणाने मान्य करतात. मग लगेच कुंपण घालतात. विक्षिप्त चित्ताला अधूनमधून लागणारी समाधी योगात मोजायची नाही. एकाग्र भूमीतली जी समाधी वस्तूचं खरं रूप दाखवते, क्लेश क्षीण करते आणि कर्माची बंधनं सैल करते, तीच जमेला धरायची. खिसेकापूही एकाग्र असतो. जुगारी तर रात्रभर एकाग्र असतो. त्यांचं चित्त एका जागी थांबतं, पण लोभ जागच्या जागी राहतो, उलट धार लावून बसतो.

क्लेशही पाचच. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. यातला 'राग' म्हणजे संताप नव्हे, हाव. आता आम्हा पालकांकडे बघा. पोराला शिबिरात घालताना आमच्या मनात काय होतं? त्याच्या चित्तवृत्तींचं कुणाला पडलं होतं? आम्हाला 'नीट'मध्ये साडेसहाशे हवे होते. शेजाऱ्याचं पोरगं लातूरला क्लासला गेलं, आपलं मागे राहू नये. हाव आमची, द्वेष आमचा, आणि त्या दोघांना खतपाणी घालायला पतंजली बोलावला! त्याचे दरही ठरले. फसवणारा बाहेरगावाहून आला असेल, पण तळं आम्हीच भरून ठेवलं होतं.

धारणा हे आठ अंगांतलं सहावं अंग. ध्यान सातवं, समाधी आठवं. त्यांच्या आधी पाच पायऱ्या आहेत आणि पहिलीच यमांची: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. ही पायरी सगळ्यांनी मिळून गुपचूप गाळली आहे, कारण तिची फी लावता येत नाही. उलट ती लागू केली तर आधी फी घेणाऱ्याचंच दुकान बंद होईल. आसनांची मात्र केवढी आरास! जवळपास दोनशे सूत्रांच्या ग्रंथात आसनाला जेमतेम तीन सूत्रं आहेत आणि त्यांचं मागणं इतकंच, की बसणं स्थिर असावं, सुखाचं असावं. 2015पासून दर 21 जूनला योगदिनाच्या मैदानात सतरंज्या पडतात, फोटो निघतात. त्या सतरंजीवर उठाबशी काढणाऱ्याने कालच्या काट्यात किती मारलं, हे विचारायची पद्धत नाही.

विचारलं तर उत्तर तयार असतं, "सर, धंद्यात एवढं चालतंच." या उत्तराचीही सोय भाष्यात करून ठेवलेली आहे. कोळी म्हणतो, मी फक्त मासे मारतो, बाकी अहिंसक आहे. दुसरा म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. या सवलती संपतात तिथे यमांचं महाव्रत सुरू होतं. जात, जागा, वेळ, प्रसंग, कशाचीच सूट नाही. म्हणजे शनिवारी मारुतीला तेल आणि सोमवारी काट्याला अंगठा, हा हिशेब तिथे बसत नाही.

यावर शिकलेला वाचक मला अडवेल. पतंजलीनेच धारणा, ध्यान आणि समाधी यांना अंतरंग म्हटलंय आणि आधीच्या पाचांना त्या मानाने बहिरंग, मग थेट अंतरंगात गेलं तर काय बिघडलं? बिघडलं हे, की माजघर आत असतं म्हणून कुणी ओसरी न ओलांडता तिथे पोचत नाही. पोचला असेल तर त्याने घर फोडलंय. भाष्यही हेच बजावतं, की खालची भूमी न जिंकणाऱ्याला वरच्या भूमीवर उडी मारता येत नाही. तिथे ईश्वराच्या कृपेचा एक अपवाद ठेवलाय खरा. शिबिराच्या पावतीवर मला तो कुठे छापलेला दिसला नाही.

आता दोन दिवसांचं गणित. पुराणांत एक जुना हिशेब सांगतात. बारा प्राणायामांची एक धारणा, बारा धारणांचं एक ध्यान, बारा ध्यानांची एक समाधी. गुणाकार करा, 1728 प्राणायाम. एक प्राणायाम अर्ध्या मिनिटाचा धरला तरी 14 तास 24 मिनिटं चित्त एका ठिकाणाहून हलता कामा नये. आमच्या शिबिरात सकाळी दहा ते पाच, मध्ये जेवण आणि दोनदा चहा. शिवाय पतंजलीची अट वेगळीच: दीर्घ काळ, खंड न पडता, आदराने. या तिन्हींपैकी एकही वस्तू दोन दिवसांत मिळत नाही.

आणि समजा, पट्टीतून खरंच दिसलं असतं तर? आडोशाची आणि दूरची वस्तू कळणं ही सिद्धी योगसूत्रांच्या विभूतिपादात आहेच. पण त्याच पादात पतंजली अशा गोष्टींना समाधीतल्या अडथळ्यांत ढकलतो. म्हणजे ज्या चमत्कारावर आम्ही टाळ्या पिटल्या, तो खोटा होता म्हणून लबाडी आणि खरा असता तरी अडगळ.

हे सगळं आमच्या मुलखात कुणाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नामदेवांचं नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातलं. परंपरा सांगते, की तेरला संत जमले असताना गोरोबाकाका कुंभारांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. विठ्ठलाशिवाय ज्यांच्या चित्तात दुसरं काही नव्हतं, त्या नामदेवांना हा शेरा मिळाला! एकाग्रता कमी नव्हती. अस्मिता शिल्लक होती. नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले आणि मग पक्के ठरले. कथा म्हणून घ्या किंवा इतिहास म्हणून, पण यात परीक्षा कशाची झाली ते पाहा. किती वेळ डोळे मिटले, हे कुणी विचारलं नाही. डोक्यात थापटणं बसल्यावर काय बाहेर पडतं, ते पाहिलं.

वसमतकरांना तर ही परीक्षा शिकवायलाच नको. आपल्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही फलक लावून मिळालं नाही. हळद नऊ महिने जमिनीत राहते. काढल्यावर शिजवायची, काडी सहज घुसते का पाहायचं, मग दिवसामागून दिवस उन्हात वाळवायची, आणि पॉलिश सगळ्यांत शेवटी. कच्च्या हळदीलाही ड्रममध्ये फिरवलं की वरून चकाकी येते. पण मोंढ्यातला खरेदीदार चकाकीला भुलत नाही. तो ढिगात हात घालतो, एक कांडी उचलतो, मट्कन मोडतो आणि आतला रंग पाहतो. पोत्याभर हळदीचा भाव त्या एका मोडण्यावर ठरतो.

हळद घेताना इतके सावध असणारे आपण समाधी मात्र पॉलिशवर विकत घेतो.

मी शिबिरवाल्यांकडे पैसे मागायला गेलो नाही. नातवाला मात्र जवळ बसवून सांगितलं, की फट दिसत होती हे तू मला सांगितलंस, त्या दोन दिवसांत पहिल्या पायरीवर पाय ठेवणारा तू एकटाच निघालास. टाळ्या वाजवणारा तुझा आबा नापास.

तुमच्या गल्लीतही असा फलक लागेल. गुरुजी किती तास बसतात, हे विचारू नका. ते उठल्यावर काय करतात, ते विचारा. त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला गाठा आणि पगार तारखेला मिळतो का, एवढं विचारा. कांडी तिथे मोडते.