बूट उरतात, पोरे जातात

एरिक मारिया रेमार्क यांची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही १९२९ सालची कादंबरी आपल्या अभ्यासवर्गांत वाचली जावी. तीत कांटोरेक हा शिक्षक देशभक्तीची व्याख्याने झोडून आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या महायुद्धाच्या भरतीस धाडतो. मृत केमरिखचे उत्तम बूट म्युलरकडे आणि त्याच्यामागून कथानायक पॉलकडे येतात. वस्तू टिकते, माणूस खर्ची पडतो. युद्धाचे अर्थशास्त्र इतक्या नेमकेपणाने मला कधी शिकविता आले नाही. १९३३ साली नाझींनी हे पुस्तक जाळले, ते उगाच नव्हे. १९९९ साली कारगिलच्या वेळी मीही वर्गात आवेशाने बोललो होतो. समोरच्यांपैकी कोणाच्या पायांत ते बूट जातील, हा विचार मनास शिवला नाही. साथींनो, कांटोरेक प्रथम स्वतःत शोधावयास हवा.