गवई कशाने मेला, हे विचारा

आमच्या धंद्यात माणूस मेला की आधी त्याचं शेवटचं गाणं शोधतात. डॉक्टरचा कागद नंतर, आणि बऱ्याचदा तो कुणी मागतच नाही.

मी अंबरनाथला राहतो आणि तीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्या लाइनीत अजून त्याला कॅसिओच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. गणपतीत बदलापूर, नवरात्रात उल्हासनगर, चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम आणि लगीनसराईत आगरी गावांतल्या हळदी. आमच्याकडे एक गायक होता. किशोरकुमारपासून प्रल्हाद शिंद्यांपर्यंत काहीही फर्माईश करा, स्केल न विचारता सुरू व्हायचा. चाळिशीच्या आत गेला. दहाव्याला जमलेल्यांपैकी एकजण सांगत होता, "शेवटच्या कार्यक्रमात ते मुकेशचं गाणं म्हणताना त्याने सगळ्यांकडे बघून हात जोडले. त्याला कळलं होतं, दादा."

ते गाणं तो प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायचा. हातही प्रत्येक वेळी जोडायचा, कारण साऊंडवाल्याला 'आता एको बंद कर' असं सांगायची ती खूण होती. त्याच्या पायाला एक साधी जखम झाली होती, ती साखरेने चिघळली. इन्सुलिन लावून दिलेलं होतं. पण इन्सुलिन घेतलं की वेळेवर जेवावं लागतं, आणि हळदीच्या मंडपात कलाकारांना जेवण रात्री दोनला मिळतं. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तो ते घेत नसे. मेमध्ये कार्यक्रम रोजच असतात.

ही गोष्ट सांगायला बसलं तर कुणी ऐकत नाही. हात जोडल्याची ऐकतात.

उल्हासनगरात जीन्सच्या कुठल्याही दुकानात शिरा, पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला कानावर पडेलच. २९ मे २०२२ रोजी पंजाबातल्या मानसा जिल्ह्यात त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याचं एक गाणं आहे, नावच '२९५'. एकोणतीस तारीख, पाचवा महिना. झालं! आमच्या ऑक्टोपॅडवाल्या पोराने मला फोनवर दाखवलं, "बघा काका, आधीच सांगून ठेवलं होतं." आता २९५ हे तेव्हाच्या भारतीय दंड विधानातलं धर्माच्या अवमानाबद्दलचं कलम होतं. ते गाणं त्या कलमाच्या धाकाबद्दल आहे. मारणारे कोण, हत्यारं कुठून आली, त्याची सुरक्षा आदल्याच दिवशी कमी का केली, हे सारे प्रश्न अडचणीचे. आकडा मात्र कुणालाच अडचणीचा नाही.

आकड्यांत सर्वांत प्रसिद्ध सत्तावीस. ब्रायन जोन्स, जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन हे चौघे रॉक संगीतकार १९६९ ते १९७१ या दोन वर्षांत गेले, चौघेही सत्तावीस वर्षांचे. पुढे १९९४ मध्ये कर्ट कोबेन, २०११ मध्ये एमी वाइनहाऊस, तीही सत्तावीसच. एमी गेली त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, असे १०४६ कलाकार घेतले. त्यांतले ७१ मरण पावले होते. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू वाढतात असं काहीच दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच: विशी-तिशीतल्या या कलाकारांचं मरणाचं प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण ब्रिटिश माणसाच्या दोन ते तीन पट होतं. म्हणजे आकडा खोटा आणि धोका खरा. लोकांनी नेमका उलटा धडा घेतला, आकडा ठेवला आणि धोका सोडून दिला.

आपल्याकडे गायकाच्या मरणावर गोष्टी रचण्याची हौस याहून जुनी आहे. उल्हासनगरची माणसं सिंधमधून येताना सामान फार आणू शकली नाहीत, पण भगत कंवररामांना घेऊन आली. अनेक दुकानांत गल्ल्यामागे झुलेलालच्या शेजारी पांढऱ्या पगडीतला त्यांचा फोटो असतो. पायात घुंगरू, अंगात लांब जामा, नाचत नाचत गाणारा हा माणूस. झोळीत पडेल ते गोरगरिबांना वाटून टाकणारा. त्यांच्याबद्दलच्या दोन कथा मी कॅम्प तीनमधल्या लग्नांत वाजवता वाजवता किती तरी जणांकडून ऐकल्या. एक, एका बाईने मेलेलं मूल त्यांच्या ओटीत ठेवलं, त्यांनी अंगाई म्हटली आणि मूल रडू लागलं. दुसरी, मारेकरी आधी आशीर्वाद घ्यायला आले, भगतांनी त्यांना द्राक्षं दिली आणि 'तुमचं काम होईल' म्हणाले.

१ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर आगगाडीत त्यांना गोळ्या घातल्या. वय ५४. तेव्हा सक्खरमधल्या मंझिलगाह या जुन्या इमारतीवरून वाद पेटला होता आणि त्याच महिन्यात तिथे मोठी दंगल झाली. ज्याच्या गाण्याला हिंदू-मुसलमान दोघेही रात्र रात्र बसायचे, असा माणूस त्या आगीत टिपला गेला. द्राक्षांच्या गोष्टीत मरण त्यांना आधीच ठाऊक असतं आणि मान्यही असतं. मग मारणाऱ्याला विचारायचं काही उरतच नाही. त्या गोष्टीमागची भक्ती मला कळते. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी आपल्या गवयाच्या खुनाला अर्थ द्यायचा तरी कसा? पण मंझिलगाह हे नाव आज उल्हासनगरातल्या किती तरुणांनी ऐकलं असेल, हेही एकदा विचारून बघावं.

मराठी रंगभूमीवर संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं असंच झालं. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. अठराव्या वर्षी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक कंपनी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. मराठी नाटकात त्या रात्रीइतकी आठवण दुसऱ्या कुठल्या रात्रीची निघत नसेल. तीन महिनेही झाले नाहीत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं ३१. माझे एक चुलत आजोबा नाटकवेडे. ते ठामपणे सांगायचे, "त्या रात्रीची दृष्ट लागली." कुणी शेंदूर खाऊ घातल्याचं म्हणे. गवयाचा गळा बसला की शेंदूर, गवई मेला तर विषप्रयोग, हे आपल्याकडचं ठरलेलं. तिकडे व्हिएन्नात मोझार्ट पस्तिसाव्या वर्षी गेला, त्यावरून पुढे सालिएरी या संगीतकारावर हाच आळ आला. पुश्किनने त्यावर नाटक लिहिलं आणि बिचारा सालिएरी आजतागायत त्यातून सुटलेला नाही.

केशवराव विषमज्वराने गेले. आजच्या भाषेत टायफॉइड, दूषित अन्नपाण्यातून होणारा. नाटक कंपनी म्हणजे गावोगावचं पाणी, गावोगावची पंगत, वर रात्रभर जागरण. टायफॉइडवर खात्रीचं औषध म्हणून क्लोरोमायसेटिन वापरात आलं १९४८ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. (बघा, सत्तावीस आलाच! शोधला की कुठेही सापडतो.) ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं, तेही त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आलाच, की हा काहीतरी शाप आहे. जुन्या लाकडी नाट्यगृहांतली वायरिंग मी मंचाच्या मागून पाहिली आहे. शापाची गरज नसते.

दीनानाथ मंगेशकरांना ज्योतिषाचा नाद होता हे खरं. त्यामुळे त्यांना आपला मृत्यू आधीच दिसला होता, ही गोष्ट चिकटायला वेळ लागला नाही. २४ एप्रिल १९४२ला पुण्यात ते गेले, वय ४१. पण १९३१-३२ मध्ये बोलपट आले, नाटकाचा प्रेक्षक तिकडे पळाला आणि एकामागून एक नाटक कंपन्या बसल्या. त्यांची 'बळवंत'ही त्यातून वाचली नाही. सिनेमा काढून बघितला, तोही जमला नाही. कर्ज, दारू आणि ढासळलेली तब्येत. हे पत्रिकेत बघायची गरज होती का? मागे पाच मुलं, थोरली लता बाराची, आणि तिला लगेच सिनेमात कामाला उभं राहावं लागलं. पुण्यात आज दीनानाथांच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे. त्यांच्या मुलांना बापाच्या मरणाचं कारण पत्रिकेपेक्षा चांगलं कळलं होतं, असं मी म्हणेन.

उलटं उदाहरण कुमार गंधर्वांचं. १९४८च्या सुमारास क्षयाने गाठलं, एक फुप्फुस जवळपास निकामी झालं, पाचेक वर्षं गाणं बंद. देवासला अंथरुणात पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडली आणि त्यांनी कुमारांना उठवलं, अशी सुंदर कथा आपण सांगतो. लोकगीतांनी त्यांचं गाणं बदललं, हे शंभर टक्के खरं. माणूस मात्र वाचला तो स्ट्रेप्टोमायसिनने. ते औषध १९४३ साली सापडलं आणि कुमारांच्या नशिबाने वेळेत भारतात पोचलं. १९९२ पर्यंत ते आपल्याला मिळाले. हे इंजेक्शन नसतं तर आज आपण 'देवाघरचं गाणं देवाने परत नेलं' असं काहीतरी म्हणत बसलो असतो.

या सगळ्या दंतकथांतली सर्वांत घातक दारूची. सैगल प्यायल्याशिवाय गात नसत, म्हणून तो आवाज तसा, असं मला विशीत एका ज्येष्ठ वादकाने सांगितलं आणि ग्लास पुढे केला. सैगल १८ जानेवारी १९४७ला जालंधरला गेले, ४२व्या वर्षी. आता संगीतकार नौशादांनी सांगितलेला किस्सा ऐका. 'शाहजहान' सिनेमाच्या वेळी त्यांनी सैगलना एक गाणं न पिता गायला लावलं, मग पिऊन गायला लावलं. दोन्ही ऐकवल्यावर सैगलनी निवडलं ते न पिता गायलेलं. हा किस्सा प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या गाडीत चिकटवून ठेवावा. कारण हळदीला नऊ वाजता मंचावर बाटली पोचते, जेवण पोचत नाही. यजमानाचा हेतू वाईट नसतो. कलाकाराचा मान ठेवायचा म्हणजे बाटली, अशी त्याची समजूत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि मंचामागे पुड्यांचा खच असतो. पहाटे तीनला कार्यक्रम संपला की शेवटची लोकल गेलेली आणि पहिली यायची असते. पोरं बदलापूर स्टेशनच्या बाकांवर पेट्या उशाला घेऊन झोपतात आणि सकाळी कामावर जातात, कारण नुसत्या गाण्यावर घर चालत नाही.

गोष्टींनी घरच्यांना आधार मिळतो, असं कुणी म्हणेल. आमच्या गायकाच्या बायकोला मी विचारलं नाही, पण बघितलं. चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली वीस-पंचवीस जणांचे फोटो. त्यांतल्या दोघांकडे त्याच्या कार्यक्रमांचे पैसे बाकी होते. तिने ते मागितले तेव्हा तिला पुन्हा तेच ऐकवण्यात आलं, वहिनी, काय गायला होता त्या रात्री! सरकारचं कलावंत मानधन आहे, पण ते ज्येष्ठांना, पन्नाशी गाठल्यावर. अडतिसाव्या वर्षी गेलेल्याला त्याचा काय उपयोग? 'अल्पायुषी प्रतिभा' हा शब्द ज्याने काढला त्याला शोक करायचा असेल. तो वापरणाऱ्यांचे मात्र बरेच पैसे वाचतात.

म्हणून येत्या गणपतीआधी मंडळांना आणि लगीनसराईआधी हळदीच्या यजमानांना हात जोडून सांगणं आहे. कलाकारांचं ताट नऊ वाजता लावा, बाटली नको. सुपारीची उरलेली रक्कम ते मंचावरून उतरण्याआधी हातात द्या. कुणी गेलाच तर श्रद्धांजलीच्या भाषणात आजाराचं नाव घ्या, लाजू नका. आणि माझ्या वादक-गायक पोरांनो, अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. आदल्या रात्री कार्यक्रम नसेल अशा एखाद्या सकाळी उपाशीपोटी जा आणि साखर तपासून या.