एका लॅपटॉपमध्ये दोन बिऱ्हाडं



आमचा लॅपटॉप दहा वर्षांचा, विंडोज १० वाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स बंद झाली. विंडोज ११ त्यावर चढत नाही, कारण त्याला हवा तेवढा नवा प्रोसेसर यात नाही. हे म्हणाले, "भंगारात घाला, नवा आणू." लेक म्हणाला, "आई, विंडोज पुसून लिनक्स टाक." मला दोन्ही पटेना. कीबोर्ड, पडदा धडधाकट असताना टाकायचा कशाला? आणि दुकानाचे हिशेब टॅलीत आहेत, टॅली चालतं विंडोजवर. पुसून कसं चालेल?

म्हणून दोन्ही ठेवली. आता सुरू करताना पडद्यावर यादी येते: लिनक्स मिंट की विंडोज? बँक, मेल, प्रवचनाचे व्हिडिओ मिंटवर. विंडोज फक्त टॅलीपुरतं, तेही वायफाय बंद करून. माझ्या मते जुन्या लॅपटॉपच्या घराला हाच मार्ग बरा.

पण घाई नको. मागे एका दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो गेले. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. त्यामुळे या वेळी आधी सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवलं आणि दोन-चार फोटो उघडून पाहिले. नुसतं 'कॉपी झालं' यावर माझा विश्वास नाही. मग पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज तपासला. विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी केली, फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि मिंटला त्या फायलींत काही लिहिता येत नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. आणि इन्स्टॉल करताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय चुकूनही निवडू नका, 'विंडोजच्या सोबत' हाच घ्या.

एक गंमत राहिली. मिंटवरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे! मिंट मशीनमध्ये जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली समजतं. हिशेबात बुडाले होते, पडद्यावर दुपारचा एक वाजलेला. सासरे दारातून म्हणाले, "सूनबाई, सूर्यास्त होत आला, पानं कधी घेणार?" त्याच रात्री लेकाकडून मिंटला भारतीय वेळ ठेवायला लावलं.