अजून किती पुढं?



धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा, घरात अपमृत्यू येऊ नये म्हणून यमाला हात जोडायचे, ही आपली रीत. यंदा अंकाची जुळणी चालू असताना हा दिवा सारखा डोळ्यांपुढे येत होता, आणि त्याच्या शेजारी तीन चिठ्ठ्या.

श्रावणात गावी गेलो होतो. रात्री आठच्या सुमारास शेजारच्या घरून निरोप आला. सून प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत झाली, मुलगी झाली, पण वार पडत नाही, रक्त थांबत नाही, पुढं न्यायला सांगितलंय. ‘‘दादा, तुम्ही चला. साहेबांशी बोलायला माणूस हवं.’’ खेड्यात आजारी माणसाबरोबर असं एक बोलणारं माणूस न्यावं लागतं. मी गेलो.

रुग्णवाहिकेत तिची सासू पायाशी बसली होती. बाळंतिणीसाठी धुऊन ठेवलेली जुनी मऊ लुगडी एकेक करून भिजत होती आणि ती माउली भिजलेल्या लुगड्याचीही घडी घालून बाजूला ठेवत होती. पहिली चिठ्ठी आठ वाजून वीस मिनिटांची. ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह होतं, टेबल होतं, दिवे होते, भूलतज्ज्ञ नव्हते. दुसरी चिठ्ठी, दहाला दहा कमी. उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर होते, तिच्या गटाचं रक्त नव्हतं. तिसरी चिठ्ठी, साडेअकरा. तीन वेगवेगळी अक्षरं आणि तिन्हींत एकच शब्द : रेफर. तिसऱ्यांदा गाडीत चढताना सासूने माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘दादा, अजून किती पुढं?’’ बोलायला म्हणून नेलेल्या माणसाला काही बोलता आलं नाही.

रात्री दीडला जिल्ह्याच्या ठिकाणी वार काढली, रक्त चढवलं, ती वाचली. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांतही जाऊ शकते. आम्ही पाच तास फिरत होतो.

वर्षाचा आढावा घेण्याची संपादकीयाची प्रथा आहे. पाऊस रेंगाळला, कागद महागला, लिहिते काही हात थांबले. त्या सगळ्यावर अंकात जाणकारांनी लिहिलं आहे. मला मात्र त्या रात्रीपासून एकच शब्द टोचतो आहे. ‘पुढं न्या.’ तापाने फणफणलेल्या पोराला पुढं न्या, घोणस चावलेल्या शेतकऱ्याला पुढं न्या, अडलेल्या बाईला पुढं न्या.

कागदावर आपली रचना चोख आहे. सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. पण अडलेल्या बाईचं सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही त्याच घटकेला एका छपराखाली लागतात. एक नसलं की बाकीची दोन असून नसल्यासारखी. इमारतीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. रिकाम्या पदाची कोनशिला कुणी बसवत नाही.

त्या रात्रीच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पहिल्या चिठ्ठीवर सही करणारा मुलगा पंचविशीतला, बंधपत्राची वर्षभराची सेवा करणारा. त्याचा हात सही करताना कापत होता. त्याने धाडस केलं आणि बाई दगावली तर नातेवाईक अंगावर जातात, चौकशी मागे लागते. पुढं पाठवली तर त्याला कुणी काही विचारत नाही. मातामृत्यू झाला तर त्याचं अन्वेषण करायचा नियम आहे. ही वाचली, म्हणून त्या पाच तासांबद्दल कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

आणि हा महाराष्ट्र आहे! १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसले, एकेक लक्षण टिपत गेले, आणि मृत्यूच्या दारातल्या त्या रोग्यांसाठी प्राझोसिनचा उपाय त्यांनी शोधला. कोकणातल्या एका सरकारी केंद्रातून सुरू झालेलं ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. १९७० साली जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांच्या हाती आरोग्य सोपवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूत बाईला नवजात बाळाच्या घरी पोचवलं. तिथली अर्भकं जगू लागली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तेही छापलं. घरी शस्त्रक्रिया होत नाही, हे मलाही कळतं. पण यांच्यापैकी कुणी ‘पुढं न्या’ म्हणून हात झटकले नाहीत.

माझं मागणं लहान आहे. ज्याने पाठवलं त्याने पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करावा : भूलतज्ज्ञ आहेत का, रक्त आहे का. नसेल तर मधला थांबा टाळून गाडी थेट जावी. आणि प्रत्येक केंद्रात एक वही असावी : का पाठवलं, किती वाजता पोचलं, पुढं काय झालं. दर महिन्याला ती वही तालुक्यात उघडून वाचली जावी.

यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘वाट’. लेखक-कवी आपापल्या वाटांनी आले आहेत, आणि नेहमीप्रमाणे तुम्ही त्यांच्याबरोबर चालाल. माझ्या मनात मात्र त्या रात्रीचीच वाट राहिली.

गेल्या वर्षभरात आमच्या तालुक्यातून किती जणांना पुढं पाठवलं आणि त्यातले किती पोचले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आश्विनात टाकला आहे. सासूबाईंनी त्या तीन चिठ्ठ्या शिधापत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या प्रती अर्जाला जोडल्या आहेत. तुमच्या घरात अशी चिठ्ठी असेल, पिवळी पडलेली असली तरी चालेल, तिची प्रत आमच्याकडे पाठवा. किती वाजता निघालात आणि किती वाजता पोचलात, एवढं मागच्या बाजूला लिहा.

– संपादक